सिनेमा पाहिला म्हणजे 'श्यामची आई' वाचून झालं का?

सुट्ट्या लागल्यापासून आमच्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे, की मुलांना 'श्यामची आई' वाचायला लावू नका, अत्र्यांचा सिनेमा दाखवा, गोष्ट सेम टू सेम आहे, खुद्द साने गुरुजींनी तो पाहून पसंत केला होता, आणि आजची पोरं तसंही वाचत नाहीत. मला हे तिन्ही पटत नाही.

पहिले गुरुजींचं घ्या. पुस्तक त्यांनी १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, गुरुजी गेले १९५० च्या जूनमध्ये आणि सिनेमा आला १९५३ ला. मग पाहिला कधी?

आता सेम टू सेम. 'छडी लागे छम छम' पुस्तकात शोधून दाखवा, नाहीये. गाणं मला फार आवडतं, आणि पुस्तकातल्या ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं, एका सिनेमात मावणार नाहीत हेही कळतं, कापाकापी होणारच, त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते काही उगाच नाही. पण पुस्तकात हे सगळं कोण सांगतं? मोठा झालेला श्याम, आश्रमात, प्रार्थना झाल्यावर, मित्रांना, रोज रात्री थोडं थोडं. पोहायला जात नाही म्हणून आई मारते तो प्रसंग पडद्यावर पाहिला की आपल्याला मार दिसतो, रडणं दिसतं, पुस्तकात त्याच माराजवळ आई गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी तो मार समजलेला माणूस बसलेला असतो. माझ्यासाठी अख्खं पुस्तक तिथंच आहे. २०२३ ला याच पुस्तकावर दुसरा सिनेमा आला, त्यात मोठे गुरुजी दिसतात, म्हणजे दोन सिनेमेच एकमेकांसारखे नाहीत, मग पुस्तकाशी सेम कोणता म्हणायचा?

आणि पोरं वाचत नाहीत म्हणे. मी बर्डीच्या बाजारातून एक प्रत आणली, आता जेवणं झाली की कूलरसमोर गादी टाकून माझी दहा वर्षांची भाची मोठ्यानं वाचते, रोज एक रात्र, जास्त नाही. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई आपल्या नेसत्या लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते, तिथं ती थांबली आणि म्हणाली, "मामा, मग तिनं दुसरं नेसलं का तसंच ओलं ठेवलं?" मी इतक्यांदा वाचलंय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

सध्या एकोणिसावी रात्र चालू आहे. सिनेमा बेचाळीस झाल्यावर पाहायचा, हे तिनंच ठरवलंय.