‘टाकलेलं अन्न शेवटी मातीतच जातं’ हे अर्धसत्य आहे

‘अन्न टाकलं तरी पर्यावरणाचं काही बिघडत नाही, ते कुजून मातीच होतं. खरी नासाडी हॉटेलं करतात. आणि घरी कंपोस्ट करत असाल तर प्रश्नच मिटला.’ अशा अर्थाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो चटकन पटतो, म्हणूनच एकेक मुद्दा खोडायला हवा.

‘कुजून मातीच होतं.’ झाडाखाली पडलेल्या फळाचं होतं. तिथे हवा असते, किडे-मुंग्या असतात. आपलं शिळं अन्न मात्र बहुतेक वेळा पिशवीत बांधलं जाऊन कचरा डेपोत जातं आणि वरून पडणाऱ्या कचऱ्याखाली दबतं. तिथवर ऑक्सिजन पोचत नाही. मग हवेविना जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. २० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापमान वाढवतो.

‘नासाडी हॉटेलं करतात.’ संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल वेगळं सांगतो. २०२२ मध्ये जगात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं, २८ टक्के हॉटेल-खानावळींतलं आणि १२ टक्के दुकानांतलं. घरातला वाटा माणशी वर्षाला ७९ किलो. यात साली, हाडंही मोजलेली आहेत, हे मान्य; पण तशी ती हॉटेलांच्या आकड्यातही आहेत.

‘कंपोस्ट केलं की झालं.’ याच मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण ही चूक मनापासून काळजी करणारी माणसं करतात. साली, देठं, बिया यांचं कंपोस्ट जरूर करा. पण उरलेला भात त्यात टाकता, तेव्हा काय गेलं ते बघा. एक किलो तांदळामागे, पावसाचं धरून, सरासरी २,५०० लिटर पाणी लागतं. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन तर शेतातच निघालेला असतो. शिवाय खतं, डिझेल, शिजवायचं इंधन. यातलं बहुतेक काही कंपोस्टने भरून येत नाही. चांगलं खत मिळतं, एवढंच.

म्हणून काम कचऱ्याच्या डब्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. बाजारात जाण्यापूर्वी फ्रिज उघडून बघा. जुनं पुढे, नवं मागे ठेवा. सफरचंदं आणि पिकलेली केळी पालेभाजीपासून लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे पानं लवकर पिवळी पडतात. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख असते, ती उलटली म्हणजे पदार्थ बिघडलाच असं नाही. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची, ती पाळायचीच. आणि कंपोस्टच्या डब्यात रोज भात पडत असेल, तर उद्यापासून तांदूळ अर्धी वाटी कमी घ्या.