गरीब व होतकरू: शिकवताना घ्यायची काळजी

गरिबाच्या पोराला काही शिकवायचं मनात आलंच, तर सुरुवात अक्षरांपासून करू नका. आधी त्याला उभं राहायला शिकवा.

तुम्ही म्हणाल, उभं राहायला तर वर्षाचं पोरही शिकतं. पण वह्यावाटपात उभं राहणं ही निराळी विद्या आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या महिला मंडळातर्फे महापालिकेच्या एका शाळेत आम्ही वह्या वाटल्या. डझनाचा गठ्ठा, कव्हरवर वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. (वह्या त्यांच्याच होत्या. मंडळाने भावना पुरवल्या.) पद्धत अशी की गठ्ठा एका बाजूने पाहुण्यांनी धरायचा, दुसऱ्या बाजूने मुलाने, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. फोटोवाल्याचं समाधान होईपर्यंत पाहुणे गठ्ठा सोडत नाहीत. नवखी पोरं इथेच चुकतात. हातात आला म्हणजे आपला झाला, असं समजून ओढतात. पहिलीतल्या एकाने ओढलाच. पाहुण्यांचा तोल गेला, फोटो हलला, आणि बाईंनी त्याला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. पुन्हा नंबर आला तेव्हा त्याने गठ्ठ्याला नुसती बोटं टेकवली. अर्ध्या तासात शिकला! आमच्या अर्णवला बुटाची नाडी बांधायला शिकवण्यात दोन वर्षं गेली होती.

पोराला नाव काय द्यायचं, तेही ठरलेलं आहे. आपला तो हुशार, त्यांचा तो होतकरू. हा शब्द एकटा कधी फिरत नाही, ‘गरीब व’ सोबत घेऊनच फिरतो. शब्द सोयीचा आहे. होतकरू म्हणजे पुढे कधीतरी काहीतरी होईल असा. कधी आणि काय, ते सांगायचं बंधन नाही.

आता प्रवेश. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. महसुलाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, असं त्यात होतं. निदान बारा वर्षं वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणीही होती. आपण ती मनावर घेतली. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मधे १२८ वर्षं गेली, पण चांगल्या कामात घाई बरी नव्हे. या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखायला लावल्या.

मला सांगा, एवढी चांगली गोष्ट गरिबांच्या हातात कशी द्यायची? ती आपणच सांभाळली पाहिजे. त्यासाठी तुम्ही स्वतः गरीब व्हा. घाबरू नका, कागदावर. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत लागतं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं (नाव नको, गाडीचा नंबर सगळ्यांना पाठ आहे) दाखल्यावरचं उत्पन्न ८४ हजार आहे, म्हणजे महिन्याला सात हजार. त्यातून त्यांनी शाळेच्या जवळ एक घरही भाड्याने घेतलं, कारण अंतर कमी भरलं तर नंबर लागायची शक्यता वाढते. त्या घरात ते एक दिवसही राहिलेले नाहीत. गरीब माणसाला इतकी दगदग झेपली असती का? तो बिचारा सेतू कार्यालयातच अडकतो. खाडा करून आलेला असतो, सर्व्हर डाउन असतो, रेशनकार्डावर आडनावाची वेलांटी चुकलेली असते. सोबत आणलेलं चौथीतलं पोर फॉर्म वाचून दाखवत असतं. ‘स्वयंघोषणापत्र’ हा जोडाक्षरांनी भरलेला शब्द ते एका दमात वाचतं. भाषेचा एवढा सराव आपल्या मुलांना कोण देतो?

सरकारनेही आपल्यासाठी हात-पाय मारून पाहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला पंचवीस टक्के माफ. नाशिक शहरात अशी शाळा जवळ नसलेली जागा शोधायची, तर गोदावरीच्या पात्रात उभं राहावं लागेल. पण जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयांना पेरेंट्स मीटिंगला बसावं लागत नाही, म्हणून हे असं होतं.

तरीही चुकून खरंच एखादं गरीब पोर आत आलं, तर धीर सोडू नका. कायदा आठवीपर्यंतचा आहे. सहली, गॅदरिंगचे ड्रेस, वाढदिवसाची रिटर्न गिफ्टं यांतून ते टिकलंच, तर नववीच्या फीचा कागद शाळेकडे छापलेला तयार असतो.

पैसा देताना हात सैल सोडू नये. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी पहिली ते चौथी उपस्थिती भत्त्याची योजना १९९२ साली निघाली. शाळेत आल्याचा दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. तीसेक वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, आमदारांचं मानधन गेलं, पण त्या मुलीच्या दिवसाची किंमत आपण ढळू दिली नाही. वर्षभर एकही दिवस न चुकता ती आली, तर तिच्या कमाईतून गंगापूर रोडच्या एखाद्या मळ्यात जेमतेम दोन मिसळी येतील. पापड वेगळा. अंड्याचं तसंच. २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. लोकसहभाग म्हणजे तुम्ही-आम्ही. आमच्या सोसायटीत यावर चर्चा झाली. अंडं शाकाहारी की मांसाहारी इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात लिफ्टच्या देखभालीचा विषय निघाला. आणि मधल्या काळात पाठ्यपुस्तकातच कोरी पानं बांधून दिली होती, गरिबाला वही घ्यायला नको म्हणून. ती दोन वर्षांत गेली. मला ती कल्पना आवडली होती. इतकं कोरं पुस्तक त्यांना पुन्हा मिळणार नाही.

आता मुख्य मुद्दा, शिकवायचं काय. यात गल्लत करू नका. आपल्या मुलांना शिक्षण द्यायचं, त्यांच्या मुलांना कौशल्य. फरक सोपा आहे. शिक्षण शिकणाऱ्याच्या उपयोगी पडतं आणि कौशल्य आपल्या. नळ, एसी, वायरिंग, मेंदी, फेशियल. आयटीआयबद्दल मला नितांत आदर आहे. आमच्या सोसायटीत तो इतका आहे, की एकानेही आपला मुलगा तिथे पाठवून त्याला धक्का लावलेला नाही.

शनिवारी अर्णवला रोबोटिक्स असतं, रविवारी फाउंडेशनचा क्लास. त्याच्या शाळेत प्रश्न विचारायला शिकवतात आणि प्रश्न विचारण्याला मार्क आहेत. मागे त्याने सरांना विचारलं, ‘हे शिकून उपयोग काय?’ सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, चिकित्सक वृत्ती. हाच प्रश्न महापालिकेच्या शाळेतल्या पोराने विचारला तर त्याला उर्मटपणा म्हणावं, आणि पालकांना बोलावून घ्यावं. पालक येणार नाहीत, कारण त्यांचा खाडा पडतो. मग पालक उदासीन आहेत, असं नोंदवावं. तिथल्या मुलांकडून पणत्या रंगवून घ्याव्यात. आम्ही दर दिवाळीला घेतो. त्या पणत्या आम्हीच विकत घेतो आणि एकमेकींना भेट देतो. डब्यावर चिठ्ठी असते, ‘गरजू मुलांनी बनवलेल्या’. वीस रुपये त्या चिठ्ठीचेच जास्त येतात.

द्राक्षबागायतदार मंडळींना मात्र मी वेगळं काय सांगणार? त्यांच्या शाळेचा अभ्यासक्रम केव्हाचा तयार आहे. दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हा इकडे गोडी छाटणी आटोपून घड दिसायला लागलेले असतात. पेठ-सुरगाण्याकडून पिकअप भरभरून माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात. आई-बाप आले की पोरं आलीच, गावात मागे ठेवायची कुणाजवळ? दहा वर्षांची थोरली धाकट्याला वेलीखाली झोळीत टाकते आणि एका हाताने झोका देत दुसऱ्या हाताने खाली पडलेले मणी गोळा करते. विरळणीत घडातले किती मणी ठेवायचे आणि किती कात्रीने काढायचे, ही झाली वजाबाकी. निर्यातीच्या मण्याची जाडी मिलिमीटरच्या रिंगने पाहतात, ते मापन. मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवतात, ते विज्ञान. माल जातो युरोपात, तो भूगोल. परीक्षा फक्त एकाच विषयाची, आणि तिचा निकाल मुकादमाच्या वहीत लागतो. चैत्रात ही मंडळी गावी परततात, तेव्हा गुरुजी हजेरीपट उघडून बसलेले असतात. पट टिकायला हवा. पट कमी झाला तर शाळाच जाते.

कारण कमी पटाची शाळा परवडत नाही, हेही आपलं ठरलेलं आहे. चार पोरांसाठी दोन मास्तर कशाला? त्यापेक्षा शाळा बंद करावी आणि पोरांना लांबच्या शाळेत चालत पाठवावं. शारीरिक शिक्षणाचा तास वाचतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीत हे करून पाहिलं, तर पोरं शेळ्यामेंढ्या हाकत जिल्हा परिषदेवर आली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणाली. शिकवायचं नसेल तर निदान वळायला काहीतरी द्या, असा त्यांचा साधा हिशोब होता.

मला त्या पोरांचं एका बाबतीत नवल वाटतं. त्यांनी नुसती मागणी केली, आणि त्याच तालुक्यातल्या कातकरी पोरांना त्याच वर्षी न मागता मिळाल्या. नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला त्यांना ठेवून दिलं होतं. आई-बापाच्या हाती वर्षाला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. एक लहान मुलगी त्यातून परत आली ती मरायलाच, तेव्हा हे बाहेर फुटलं. आठवडाभर पेपरात होतं. यावर काय सल्ला द्यावा, हे मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की लिहीन.

आपण आपल्या घरापुरतं बोलू. जुनी पुस्तकं दान करताना एक पथ्य पाळा. त्यात आपल्या मुलाने लिहिलेली उत्तरं खोडत बसू नका. खोडरबर झिजतं, आणि त्यांनाही आयतं मिळतं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या सुनीताची काजल पाचवीत आहे. संत कबीरनगरातून आईबरोबर येते आणि काम होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात बसते. तिला मी अर्णवचं शिष्यवृत्तीचं जुनं पुस्तक दिलं. निळ्या पेनाने गोल केलेली उत्तरं जिथल्या तिथे होती. मला वाटलं, बरं झालं, पोरीचा वेळ वाचेल.

एक दिवस चहा टाकताना पाहिलं, तर तिने बिस्किटाच्या पुड्याची एक पट्टी कापून घेतली होती. ती पर्यायांवर ठेवायची, प्रश्न वाचायचा, फरशीवर बोटाने काहीतरी करायचं, मग पट्टी सरकवून बघायचं. पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर आकडे उमटायचे आणि वाळून जायचे. असं तिने आख्खं पुस्तक केलं. बहुधा दोन महिने लागले.

मग एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, दादाची एकशे चौदा चुकलीत.”

आतून सुनीता ओरडली, “काजल! वहिनींशी असं बोलतात?”

मी रागावले नाही. तिला जवळ घेतलं आणि प्रेमाने सांगितलं की मोठ्यांच्या चुका मोजू नयेत, आणि ओट्याखालचं फडकं घे, आईला ताटं पुसायला मदत होईल. तिने मुकाट्याने फडकं घेतलं. या बाबतीत सुनीताचे संस्कार खरंच चांगले आहेत.

पुस्तक मी परत मागून घेतलं. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने पेन्सिलीने एका खाली एक प्रश्नांचे नंबर लिहिले होते, प्रत्येकासमोर बरोबर पर्याय. अक्षर वाईट नव्हतं. अर्धा तास बसून मी ते सगळे नीट खोडले. यंदाच्या वाटपात ते पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं आहे, आणि दिलेली वस्तू कशी स्वच्छ असावी.