साथ हवी असेल तर एवढं कराच

रोगाची साथ आपोआप येत नाही. तिला माणूस, जनावर आणि उकिरडा या तिघांची मदत लागते, आणि या तिघांच्या कागदांची एकमेकांशी गाठ पडू न देणारा कारभार लागतो. मराठवाड्यात दोन्हींची टंचाई नाही. तरीही कुठे कसर राहू नये, म्हणून ही रीत.

सुरुवात गोठ्यातून करा. म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की नजर लागली म्हणा आणि विषय मिटवा. जार, म्हणजे वार, अडकला असेल तर बाही वर सारून उघड्या हातानं ओढा. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली असतात, नखांच्या कडेला चिरा पडलेल्या असतात. ब्रुसेलाच्या, म्हणजे जनावराला गाभडवणाऱ्या आणि माणसाला तापवणाऱ्या, जंतूला आत शिरायला एवढी वाट पुष्कळ झाली. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे असतात, पण ते डॉक्टरांनी घालायचे. आपल्याला त्यात जनावर नीट हाताला लागत नाही.

पडलेला जार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरायचं असतं. तुम्ही ते उकिरड्यावर फेका. हा जंतू कडक उन्हात लवकर मरतो, गार आणि ओल्या जागी मात्र महिनोन्महिने तग धरतो. तेव्हा उकिरडा लिंबाखाली असलेला बरा. रात्री कुत्री जार ओढत नेतील आणि चार दावणींपर्यंत पोचवतील, तुम्हाला उठायचीही गरज नाही.

वगारी-कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस देतात. सरकारी, फुकट, आयुष्यात एकदाच. टोचणारा आला की ‘वगार रानात आहे’ सांगा. असं दोनदा सांगितलं की वय उलटून जातं. कानातला बारा आकडी बिल्लाही साथीच्या मुळावर येणारा प्रकार आहे. जनावर कुठून कुठे गेलं ते त्यावरून सापडतं. बाजाराच्या आदल्या रात्री तो कापून टाका. गाभडलेली म्हैस दारात ठेवून काय करायचंय? हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की तालुक्याचा, हेड्यानं विचारलं तर ‘यंदा उशिरा भरली’ म्हणावं.

शेळ्यांना विसरू नका. उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपात एका पंधरवड्यात तीन-चार गाभडल्या तर समजा काम झालं, कारण शेळ्यामेंढ्यांतला ब्रुसेला माणसाला सगळ्यात जड जातो. त्याच शेळीचं कच्चं दूध पोराला अंगी लागावं म्हणून पाजा. उकळलं तर जंतू मरतात, आणि मग धारोष्णाची ती मजा राहत नाही.

दोन-चार आठवड्यांनी जार ओढणाऱ्याला संध्याकाळचा ताप सुरू होईल. रात्री घामानं अंथरूण भिजेल, कंबर धरेल, सांधे ठणकतील. आधी मलेरियाचं रक्त तपासा, मग विडाल करा, मग टायफॉइड ठरवून सलाईन लावा. केसपेपरवर ‘घरी जनावर गाभडलं का?’ असा प्रश्न नसतो. तो एक प्रश्न विचारला तर सगळं उघड होईल, म्हणून कुणी विचारू नये याची काळजी घ्या. एखाद्या चिकट डॉक्टरनं ओळखलंच, तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे घ्यायला सांगेल. आठव्या दिवशी ताप उतरतो. तेव्हा गोळ्या थांबवा. आजार उलटतो आणि दुसऱ्यांदा आला की नवा म्हणून नोंदवता येतो.

मेलेल्या ढोरांकडेही थोडं लक्ष द्या. पूर्वी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं तासाभरात हाडं मोकळी करायची. मग आपण दुखऱ्या बैलाला डायक्लोफिनॅक टोचायला शिकलो. असा बैल मेला की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जातं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं आणि २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही तीन मिलीची केली, म्हणजे बैलापुरती मोठी बाटली मिळू नये. पण तुम्ही हुशार आहात. तीन मिलीच्या चार-पाच कुप्या घ्या. बैल मेला की ओढ्यात टाका. गिधाड येणार नाही, कुत्री येतील, वितील, वाढतील. कुत्र्यांतला रेबीज अडवायला सत्तर टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते. तुम्ही मतदारयादीसारखी कुत्र्यांची यादी कुणी करू नये असं बघा.

चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची नाही. पाणी आठ दिवसांनी येतं, ते धुण्यात घालवायचं का? तिखट भरा, चुना लावा. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. सातव्या दिवसापर्यंत जखम सुकते, तेव्हा अठ्ठाविसाव्या दिवशी वीस किलोमीटर जायचं कारण नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच सोडायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते मागू नका, मागितलं की उगाच शोधाशोध सुरू होते.

नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येऊन जनावर अचानक मेलं, तर पंचनाम्याच्या नावाखाली ते जरूर फाडून बघा. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) जंतू बंद धडात कुजण्याबरोबर मरतो. हवा लागली की तो बीजाणू धरतो आणि मातीत दशकानुदशकं राहतो. तुमच्या नातवंडांच्या ढोरांसाठी याहून टिकाऊ ठेव कुठली?

पाण्याचं तर काही शिकवायलाच नको. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात. एवढा जुळलेला मुहूर्त पंचांगातही सापडत नाही. ड्रम रिकामा करू नका, शिळ्यावर ताजं ओता. रिकामा केलाच तर घासू नका, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडीच महिनोन्महिने जिवंत राहतात. गप्पी मासे सोडायला आलेल्या आशाताईंना ‘पाण्याला वास येतो’ म्हणून परत पाठवा.

बर्ड फ्लूच्या बाबतीत थोडी खबरदारी हवी, कारण तिथे सरकार चपळ आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे पडले, तेव्हा नमुने थेट भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघालाही. म्हणून मेलेला कावळा दिसला की कळवू नका. उघड्या हातानं शेपटी धरून नालीत टाका. पोरांना उचलायला सांगितलं तर आणखी बरं.

ऊसतोडीला बैल नेताना लाळ्या-खुरकताची लस टोचू नका. बीडहून निघालेला रोग कारखान्याच्या तळावर शंभर गाड्यांना पुरतो.

आता खरा कणा. पशुवैद्यकीय दवाखाना आणि आरोग्य केंद्र यांच्यात एकाच बोळाचं अंतर असतं, पण दोघांचे कागद दोन वेगळ्या दिशांनी जिल्ह्याला जातात. पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या नोंदीत ‘गर्भपात, चार’ आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नोंदीत ‘ताप, कारण अस्पष्ट, सहा’ हे एकाच गावाचं, एकाच महिन्याचं असलं, तरी दोन्ही वह्या एका टेबलावर उघडू द्यायच्या नाहीत. ग्रामसेवकाला दोन्हींकडे बोलावू नका. उकिरडा त्याच्या अखत्यारीत येतो आणि तो काहीतरी करून बसेल. नागपुरात माणसाचं आणि जनावराचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (एकच आरोग्य) संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली, आनंदच आहे. तिचा बोळापर्यंतचा रस्ता अजून कुणी मोजलेला नाही.

तरीही कुणी उत्साही माणसानं म्हशीचं आणि माणसाचं रक्त एकाच दिवशी काढलंच, तर घाबरू नका. नळ्या शिपायाकडे द्या, त्याला मोटारसायकलच्या डिकीत ठेवायला सांगा, आणि मे महिन्याच्या उन्हात परभणीमार्गे पाठवा. बर्फ मागितला तर रसवंतीवाल्याकडे बघा म्हणावं. रक्त फुटतं, त्यावर सुटणारं पाणी लालभडक होतं, आणि प्रयोगशाळेतून ‘नमुना चाचणीस अयोग्य, पुन्हा पाठवावा’ असा शेरा येतो. तोपर्यंत त्या उत्साही माणसाची बदली झालेली असते, आणि शेरा कोणत्या वहीत चिकटवायचा यावर दोन्ही कार्यालयांचा पत्रव्यवहार सुरू होतो.