पानावरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो

पावसाळा लागला की शेतीच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. पानावर डाग, फळावर चट्टा, पांढरी पावडर, सुकलेली फांदी ही सगळी बुरशीचीच लक्षणं. रोग कोणता हे शोधत बसू नका, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण फवारा. मर, म्हणजे झाड सुकून जाणं, दिसली तर त्याचीच आळवणी करा, म्हणजे मुळांशी ओता. ढगाळ हवा असली की दर चार दिवसांनी पुन्हा फवारा, नुकसान काहीच नाही. शंका वाटली तर फोटो टाका.

या सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच तो खपतो: पिकांच्या रोगांत बुरशीजन्य रोगांचा वाटा सर्वांत मोठा असतो. डोळे मिटून 'बुरशी' म्हटलं तरी पुष्कळदा बरोबर ठरतं. पण जिथे चुकतं तिथे औषधाच्या पैशापेक्षा मोठं काहीतरी जातं, ते म्हणजे रोग हाताशी असतानाचे सुरुवातीचे आठ-दहा दिवस. ते परत मिळत नाहीत. म्हणून या सल्ल्याचा एकेक मुद्दा घेऊन बोलायला हवं.

'फळावर काळा डाग दिसला म्हणजे बुरशी.' सोलापूर, सांगोला, नाशिक पट्ट्यातल्या डाळिंब बागायतदारांना या वाक्यातला धोका वेगळा सांगायला नको. डाळिंबावर असे डाग पाडणारा तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. झँथोमोनास नावाचा जिवाणू तो घडवतो. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं. जिवाणूत ती यंत्रणाच वेगळी असल्याने त्याला या औषधाने काही होत नाही. तांबंयुक्त औषधं थोडा आळा घालतात, तेही रोग येण्याआधी दिली तर.

ओळखायचं कसं? पान तोडून उन्हाकडे धरा. तेल्याचा कोवळा डाग पाणी शोषल्यासारखा, तेलकट, अर्धपारदर्शक दिसतो. पुढे तो तपकिरी-काळा होतो. फळावर हेच डाग वाढून एकमेकांत मिसळतात आणि त्यांवर इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा पडतात. सर्कोस्पोरा बुरशीचे ठिपके काळेच असतात, पण कोरडे आणि सुटे सुटे. त्यांच्यामुळे साल अशी तडकत नाही. खात्री करायची तर डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून धुरकट लोट बाहेर पडताना दिसतो. एवढं पाहायला काही मिनिटं लागतात. आणि उत्तर 'जिवाणू' आलं तर कामाची यादीच बदलते: छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणं, रोगट फांद्या आणि फळं बागेबाहेर नेऊन नष्ट करणं, रोगट बागेतून लागवडीसाठी गुटी कलमं न आणणं, बागेला विश्रांती देणं, आणि भर पावसात वाढणाऱ्या मृग बहाराऐवजी पाऊस ओसरताना येणारा हस्त बहार धरणं. बुरशीनाशकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीची वाट पाहणारा माणूस यातलं काहीच करत नाही. पावसाचे थेंब मात्र जिवाणू या झाडावरून त्या झाडावर नेतच राहतात.

'पांढरं दिसलं की एकच औषध.' द्राक्षात हा गैरसमज फार महाग पडतो, म्हणून इथे जरा थांबतो. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे दोन रोग. दोन्ही पांढऱ्या दिसतात, पण दोघींचा संसार वेगळा. भुरीची बुरशी पानाच्या, मण्यांच्या पृष्ठभागावर पसरते, बोटाने पुसली तर राखेसारखी निघते. तिला पान ओलं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, कोरड्या हवेत, वेलीच्या दाट, सावलीच्या पानोऱ्यात ती जोमाने वाढते. डाऊनीचं उलट. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग पडतो आणि त्याच्या बरोबर खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव येते. तिचे बीजाणू पाण्याच्या थरात पोहत जाऊन पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की कोवळ्या फुटींवर आणि घडांवर ती तुटून पडते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाऊनी घडवणारा प्लास्मोपॅरा खऱ्या बुरशीत मोडतच नाही. तो ऊमायसीट गटातला, नात्याने शेवाळाच्या जवळचा. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, आणि एर्गोस्टेरॉल हा खऱ्या बुरशीचा घटक तो स्वतः बनवत नाही. हेक्साकोनॅझोलसारखी ट्रायझोल औषधं नेमकी एर्गोस्टेरॉलची निर्मिती बंद पाडतात, त्यामुळे भुरीवर ती चालतात आणि डाऊनीवर फुकट जातात. कार्बेन्डाझिमही डाऊनीवर निकामी. उलट मेटालॅक्सिल डाऊनीवर चालतं, भुरीवर नाही. व्हायरल मिश्रणातला मॅन्कोझेब डाऊनीला काही प्रमाणात रोखतो, पण प्रतिबंधक म्हणून. पानात शिरलेल्या रोगाला तो बाहेर काढू शकत नाही.

फ्रान्सने हा धडा दीडशे वर्षांपूर्वी घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे भुरी आली, गंधकाने आटोक्यात आली. मग 1878 च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी पोचली आणि तेच गंधक तिच्यापुढे हरलं. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडलेलं होतं, त्या वेली तेवढ्या हिरव्या राहिल्या. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते हेरलं आणि 1885 मध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे आलं.

घरच्या घरी खात्री करायची सोपी रीत आहे. संशयित पानं संध्याकाळी तोडा, ओलसर कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. डाऊनी असेल तर सकाळी डागाच्या पाठीमागे ताजी पांढरी लव उगवलेली दिसते.

'मर म्हणजे बुरशी, आळवणी करा.' झाड सुकणं हा परिणाम आहे, कारणं अनेक. तुरीची मर फ्युजेरियम बुरशीची: बुंध्याकडून वर चढणारा जांभळट पट्टा, साल सोलली की आत काळ्या-तपकिरी रेषा. कोकणात आणि गोव्यात वांगं अचानक हिरवंच्या हिरवं कोमेजतं तेव्हा मात्र आधी जिवाणूचा संशय घ्या. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टांगा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर, तिथे बुरशीनाशकाची आळवणी वाया.

डाळिंबात तर एकाच बागेत तीन कारणं सापडू शकतात. खोड किंवा मूळ उभं चिरल्यावर लाकडात राखाडी-तपकिरी डाग दिसले तर सेरॅटोसिस्टिस बुरशी, जी मुळांच्या संपर्कातून ओळीतल्या शेजारच्या झाडाकडे सरकते. बारीक मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म कृमी. खोडावर टाचणीएवढी छिद्रं आणि भुसा असेल तर खोड पोखरणारा भुंगेरा. एक झाड उकरून पाहायला मन होत नाही हे समजतं, पण मेलेलं झाड न तपासता फेकणं म्हणजे पुढच्या दहा झाडांची माहिती फेकणं.

याउलटही घडतं, म्हणजे बुरशीवर्गातला रोग तसा वाटतच नाही. बाजरीचं कणीस दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या झुपक्यात बदलतं, त्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात. बियाणं खराब निघालं असं वाटतं. कारण असतं डाऊनीच्याच कुळातला ऊमायसीट.

जी लक्षणं बुरशीची नसतात, काही तर रोगाचीही नसतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. हापूसच्या गरात होणारा साका ही शारीरिक विकृती आहे, फवारणीने जात नाही. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम पोचत नाही म्हणून, बहुधा पाणी कमी-जास्त झाल्यामुळे. शेजारच्या उसात मारलेलं 2,4-डी हे तणनाशक वाऱ्याने आलं तर द्राक्षाची पानं अरुंद, पंख्यासारखी होतात. तुरीचा वांझ रोग, ज्यात झाडाला फुलं-शेंगा धरत नाहीत, विषाणूचा; कोळी ही सूक्ष्म कीड तो पसरवते. तिथे फवारणीपेक्षा बीएसएमआर-736 सारखा प्रतिकारक वाण उपयोगी.

'सारखं फवारलं तर नुकसान काही नाही.' नुकसान आहे. एकाच गटाचं औषध वारंवार मारलं की त्यातून वाचणारी बुरशीच पुढे वाढते. मेटालॅक्सिलला दाद न देणारा बटाट्याचा करपा जगभर आढळला आहे तो असाच. कार्बेन्डाझिमची आळवणी मातीतल्या ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीलाही मारते, मग तेच ट्रायकोडर्मा आपण विकत आणून टाकतो. निर्यातीच्या मालात अवशेषांचा प्रश्न आहेच. 2010 मध्ये युरोपने आपली द्राक्षं एका वाढरोधकाच्या अवशेषांवरून अडवली; ते बुरशीनाशक नव्हतं, पण प्रयोगशाळा कारण विचारत नाही, आकडा पाहते.

'फोटो टाका, सांगतो.' चांगला फोटो उपयोगाचा असतो, मी स्वतः मागतो. पण पानाची पाठ, चिरलेलं खोड आणि मुळं त्यात येत नाहीत, आणि निदान बहुतेक वेळा तिथेच असतं. म्हणून नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. पूर्ण वाळलेली पानं नेऊ नका, त्यांवर नंतर आलेल्या भलत्याच बुरशी असतात. अर्धा भाग निरोगी, अर्धा रोगट असा नमुना हवा. पानं कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये वाटेतच सडतात. मर असेल तर मुळं मातीसकट, वेगळ्या पिशवीत. सोबत चिठ्ठीवर लिहा: वाण, लागवडीचं वर्ष, रोग आधी कुठल्या कोपऱ्यात दिसला, पाणी किती देता, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं. गटातला सल्ला वाचून मारलेलं औषधही त्या चिठ्ठीत लिहा.