भरपाई बुडवली की परत आत?

टोरेसचा विषय निघाला (दागिन्यांच्या कंपनीचा तो गुंतवणूक घोटाळा, जानेवारी २०२५ ला दादरच्या शोरूमसमोर गर्दी उसळली होती ते प्रकरण) की घरचे फोनवर मला ऐकवतात, तुमच्या अमेरिकेत बरंय बाबा, लोकांचे पैसे खाल्ले की आत, आणि कोर्टाने सांगितलेली भरपाई नाही दिली तर परत आत.

अर्धं खरंय. इथे फेडरल कायद्यात तशी सोय आहे, जाणूनबुजून भरपाई थकवली तर जज त्याला परत उभं करून मूळ गुन्ह्याला जी देता आली असती ती शिक्षा नव्याने देऊ शकतो. पण त्याआधी बघावं लागतं की पैसे नाहीतच का असून देत नाही, कारण १९८३ मध्येच बेअर्डन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय, नुसता कंगाल आहे म्हणून आत टाकता येणार नाही. आणि फ्रॉडवाल्याचे पैसे तोवर उडालेले असतात, नाहीतर मेव्हण्याच्या नावावर.

१९९६ पासून ऐपत न बघता नुकसानीचा पूर्ण आकडा ऑर्डरमध्ये लिहितात, कागदावर भारी दिसतं. २०१६ च्या आर्थिक वर्षाअखेर असे ११० अब्ज डॉलर थकले होते, त्यातले १०० अब्ज येणारच नाहीत हे सरकारनेच धरलेलं. कैद्याने तुरुंगातूनच भरपाई फेडायच्या स्कीममध्ये हप्ता तीन महिन्याला कमीत कमी २५ डॉलर, ऑर्डर लाखोंची, वर त्या पंचवीसचे सगळ्या बुडालेल्यांमध्ये वाटे. बसा मोजत!

आणि आत टाकून वसुली आपणही करून पाहिलीच की. सहाराचे सुब्रतो रॉय गुंतवणूकदारांचे पैसे परत केले नाहीत म्हणून २०१४ ते २०१६ तिहारमध्ये, न्यूयॉर्क-लंडनची हॉटेलं विकायची बोलणी करायला तिथेच कॉन्फरन्स रूम दिलेली, तरी जामिनाचे १०,००० कोटी काही जमले नाहीत.

मला विचाराल तर आपला १९९९ चा एमपीआयडी कायदा (महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा) जास्त शहाणा, निकालाची वाट न बघता आधी प्रॉपर्टी जप्त. घोडं अडतं ते पुढे लिलावात, जप्त फ्लॅटला वर्षानुवर्षं कुलूप, त्यावर बँकही हक्क सांगते, आणि ठेवीदार तारखांना जाऊन जाऊन थकतात. इथून काही न्यायचंच असेल तर शिक्षेआधीची चौकशी न्या, ज्यात आरोपीकडून मालमत्ता, कमाई, घरात कोण अवलंबून सगळं शपथेवर लिहून घेतात आणि पुढे परिस्थिती बदलली तर तेही कळवावं लागतं. त्यात लपवाछपवी सापडली तर मात्र खुशाल टाका आत, माझी काही हरकत नाही.