नॅनो निधीचा सदुपयोग : होतकरू समन्वयकांसाठी चार समजुतीच्या गोष्टी

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या बारीक गोष्टीवर हजार कोटी रुपये खर्च तरी कसे होतात, अशी शंका एखाद्या भाबड्या करदात्याला येईल. तुम्हाला येऊ नये, कारण तुम्ही समन्वयक होऊ घातला आहात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2001 साली नॅनोचा पहिला कार्यक्रम काढला. मे 2007 मध्ये पाच वर्षांसाठी हजार कोटींचं नॅनो मिशन आलं, फेब्रुवारी 2014 मध्ये पुढच्या टप्प्याला 650 कोटी मंजूर झाले. रस्ता चांगला मळलेला आहे. त्यावरून चालायची रीत तेवढी शिकून घ्या.

विषय निवडताना डोक्याला ताण देऊ नका. अंगणात जा आणि समोर दिसेल त्या झाडाची पानं तोडा. 10 ग्रॅम पानं धुऊन, चिरून 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या 90 मिली द्रावणात हा 10 मिली अर्क ओता. थोड्या वेळात पिवळट रंग तपकिरी होईल, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 420 नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसेल, म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार. ते ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर टाका, भोवती काही मिलिमीटरचं स्वच्छ कडं उमटेल. झाला शोधनिबंध. पुढच्या निबंधासाठी तुळशीच्या जागी कडुलिंब घ्या, मग शेवगा, मग सीताफळ. महाराष्ट्राची वनसंपदा निवृत्तीपर्यंत पुरते.

यात दोन खड्डे आहेत, ते चुकवा. श्रावणातल्या तुळशीचे कण आणि वैशाखातल्या तुळशीचे कण एका मापाचे येत नाहीत, कारण अर्कातली रसायनं ऋतूनुसार, मातीनुसार बदलतात. म्हणून तोच प्रयोग पुन्हा करायच्या फंदात पडू नका. दुसरा खड्डा अधिक खोल. नुसतं सिल्व्हर नायट्रेटही जिवाणू मारतं. शेजारी नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची प्लेट ठेवली तर तिच्याभोवतीही कडं उमटेल आणि नॅनोचं श्रेय नेमकं किती, असा अप्रिय प्रश्न उभा राहील. ती प्लेट ठेवू नका.

2014 च्या सरकारी पत्रकात नॅनो मिशनची फलनिष्पत्ती म्हणून सुमारे 5000 शोधनिबंध आणि सुमारे 900 पीएचडी आधी मोजल्या आहेत. आर्सेनिक आणि फ्लोराइड काढणारे पाण्याचे फिल्टर, डोळ्यांचे थेंब वगैरे मंडळी त्यानंतर येतात. काय आधी मोजलं जातं ते पाहा आणि तेच पिकवा.

रंग बदलून मात्र भागत नाही. कण खरंच नॅनो आहेत हे दाखवायला फोटो लागतो आणि फोटोला ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात ठरावीक शुल्क भरून नमुना तपासून मिळतो, हे तुमच्या कानावर आलं असेल. ते कानावरच राहू द्या. दुसऱ्याच्या यंत्राचं उद्घाटन आपल्याला करता येत नाही.

समजा, यंत्र 10 कोटींचं आहे. तांत्रिक तपशील लिहिताना मनातल्या कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून दशांशचिन्हासकट उतरवा. मग बोली एकच येते आणि फेरनिविदा काढावी लागते. त्यात वर्ष गेलं तर हरकत नाही, तेवढं वर्ष समितीच्या बैठका होतात. तांत्रिक बोली एका पाकिटात आणि किंमत दुसऱ्यात, या दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पात्र बोलींतला सगळ्यांत स्वस्त तो एल-वन, आणि खरेदी त्याच्याकडूनच, एवढं लक्षात ठेवा. म्हणून नमुना धरायचा दोन दिशांना कलणारा होल्डर आणि मूलद्रव्यं ओळखणारा डिटेक्टर ‘ऐच्छिक’ या सदरात टाका. ऐच्छिक वस्तू तुलनेत धरल्या जात नाहीत, यंत्र स्वस्त दिसतं, आणि आल्यावर नमुना कशात धरायचा याची नवी निविदा काढता येते.

कर विसरू नका. सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्के जीएसटी लागे. ती सवलत 18 जुलै 2022 पासून गेली आणि दर 18 टक्के झाला. दहा कोटींच्या यंत्रावर 50 लाखांचे 1 कोटी 80 लाख झाले. मंजुरी जुन्या दराने मिळाली असेल, तर वरचे 1 कोटी 30 लाख प्रकल्पाने आपल्याच पोटातून काढायचे. सरकारने दिलेले पैसे सरकारलाच परत जातात, आणि दोन्ही वेळा ते खर्चात धरले जातात.

मे 2020 पासून 200 कोटींच्या आतली जागतिक निविदा काढायला वरून खास परवानगी आणावी लागे. देशात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनत नाहीत, हे त्यासाठी दरवेळी कागदोपत्री सिद्ध करावं लागे. सूक्ष्मदर्शकच काय, साधी व्हॅक्यूम ग्रीसची ट्यूब घ्यायची तरी आधी ‘जेमवर उपलब्ध नाही’ असा अहवाल जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरूनच काढायचा. जून 2025 मध्ये यात मोठी ढिलाई झाली. जागतिक निविदेची परवानगी संस्थाप्रमुखांच्या हाती आली, जेमबाहेर खरेदीची मुभा मिळाली. थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख, खरेदी समितीची 10 लाखांवरून 25 लाख झाली. घाबरून जाऊ नका. नियम दिल्लीत सैल झाले म्हणून तुमच्या लेखा विभागाने सैल व्हावं असं कुठे लिहिलंय? एक अंतर्गत परिपत्रक काढा, जुन्या मर्यादा ‘पुढील आदेशापर्यंत’ चालू ठेवा.

यंत्र आलं. आता खोली. यंत्र भांडवली शीर्षाखाली येतं, बांधकाम त्यात बसत नाही, म्हणून खोलीचा प्रस्ताव वेगळा आणि उशिरा पाठवा. लाकडी खोकी व्हरांड्यात ठेवा. खोक्यावर एक छोटं टिल्टचं स्टिकर असतं, खोकं आडवं झालं की ते लाल होतं. लाल झालेलं दिसलं तर पोहोच देताना त्यावर शेरा मारायचा असतो, नाहीतर विम्याचा दावा उभा राहत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याची त्या दिवशी रजा असेल असं पाहा.

खोली लिफ्टशेजारी निवडावी. 200 किलोव्होल्टच्या यंत्राला तळमजला, वेगळा पाया, हलत्या लोखंडापासून लांब जागा आणि एकसारखं तापमान लागतं. लिफ्ट गेली की चुंबकक्षेत्र डुलतं आणि फोटोतल्या अणूंच्या ओळी नागमोडी दिसतात. अर्थिंग इमारतीच्याच जुन्या अर्थिंगला जोडा. एसीचा झोत थेट यंत्राच्या उभ्या कॉलमवर सोडा, म्हणजे पाहता पाहता नमुना पडद्यावरून सरकत जाईल. यंत्र थंड ठेवणाऱ्या चिलरमधलं पाणी कधी बदलू नका, त्यात शेवाळं धरतं, फिल्टर तुंबतो आणि ऐन मार्चमध्ये यंत्र स्वतःहून बंद होतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यूपीएसच्या बॅटऱ्या. त्या काही वर्षांत मरतातच, फक्त मरण्याआधी बदलायच्या नाहीत. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या फील्ड एमिशन गनची टंगस्टनची टोकदार तार अखंड निर्वातात ठेवावी लागते, तो निर्वात टिकवणारा आयन पंप सुट्टीच्या दिवशीही चालूच हवा. दिवाळीत वीज गेली, बॅटरी गेली, निर्वात गेला, की तार गेली. नवी तार लाखांत पडते आणि ती ‘उपभोग्य वस्तू’ असल्याने वॉरंटीत धरत नाहीत.

वॉरंटी तीन वर्षांची, प्रकल्पही तीन वर्षांचा. हा योग जुळवून आणा. चौथ्या वर्षापासून देखभालीचा करार यंत्राच्या किमतीच्या पाच-आठ टक्क्यांवर जातो, म्हणजे दहा कोटींच्या यंत्राला वर्षाला 50 ते 80 लाख. या रकमेचं शीर्षच कुठे नसतं, म्हणून ती कुणी मागतही नाही. ऑपरेटरही तसाच. मायक्रोस्कोप नीट जुळवायला माणूस वर्षभर शिकतो. त्याला कंत्राटावर ठेवा, प्रकल्प संपताच मोकळं करा. यंत्राला कायम जागा मंजूर करता येते, माणसाला नाही.

मग यंत्राची नोंद आय-स्टेम पोर्टलवर करा. देशभरातली उपकरणं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून जानेवारी 2020 मध्ये हे पोर्टल सुरू झालं. स्थितीच्या रकान्यात ‘कार्यरत’ लिहा. कुणी दूरच्या कॉलेजातून विचारणा केली तर ‘स्लॉट भरले आहेत’ हे उत्तर खोटं ठरत नाही, कारण बंद यंत्रात रिकामा स्लॉट नसतोच.

पैसे कधी येतात, हे आता सांगतो. मंजुरीपत्र जानेवारीत येतं, आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, आणि आयात यंत्राच्या खरेदीला सहज वर्ष लागतं. ट्रेझरी सिंगल अकाउंटमधली, म्हणजे सरकारी तिजोरीतच ठेवलेल्या खात्यातली अखर्चित मर्यादा त्या रात्री आपोआप लयाला जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रिंटर घ्या. पुढच्या हप्त्यासाठी आधी 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला खर्च लागतो, खर्चाला हप्ता लागतो. मधल्या काळात पीएचडीच्या पोरांचं काय? 1 जानेवारी 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना 37,000 रुपये मंजूर आहेत. मंजूर आहेत, हे त्यांना वेळोवेळी सांगत चला. घरभाडं मागितलं तर संशोधन ही साधना आहे, असं म्हणा.

अमेरिकेकडून समन्वय शिकायचा मोह टाळा. अध्यक्ष क्लिंटन यांनी जानेवारी 2000 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत नॅनोचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला, 2003 साली अध्यक्ष बुश यांच्या सहीने त्याला कायद्याचा आधार मिळाला, एक समन्वय कचेरी बसली. कुठल्या खात्याने नॅनोवर किती खर्च केला त्याचा हिशेब दरवर्षी अर्थसंकल्पाचं जोडपत्र म्हणून छापायचा आणि दर काही वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून झडती घ्यायची, असं ते कलम आहे. आपल्याकडे विज्ञान विभाग, इलेक्ट्रॉनिक्स खातं, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर, कृषी, वैद्यकीय, संरक्षण आणि अणुऊर्जा, सगळे आपापला नॅनो स्वतंत्र सांभाळतात. एकत्र आकडा नसल्यामुळे तो कमी असल्याचं सिद्ध करता येत नाही.

घरातलंही एक वाईट उदाहरण आहे, त्यापासून सांभाळा. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 2006 साली आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रं उभारली आणि 2008 पासून आयएनयूपी योजनेतून बाहेरच्या लोकांना आत घ्यायला सुरुवात केली. लहान कॉलेजातला शिक्षक येतो, प्रशिक्षण घेतो, धूळमुक्त क्लीनरूममध्ये स्वतःचं उपकरण बनवून घरी जातो, तेही शुल्काविना. यंत्र चालवणारी माणसं तिथे कामावर आहेत, म्हणून हे जमतं. असली सवय पसरली तर प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा मायक्रोस्कोप कशाला हवा, असं कुणीतरी विचारेल.

जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै 2020 मध्ये शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फेब्रुवारी 2021 मध्ये कृषी खात्याच्या खत नियंत्रण आदेशात नॅनो युरिया आला. पहिल्या अर्धा लिटरच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम नायट्रोजन होता. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलोंहून जास्त. एक बाटली एका गोणीची जागा घेईल, असं शेतकऱ्याला सांगितलं गेलं. हजारपटीचा हा फरक कुठे गेला, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारायचं. समन्वयकाने त्रैराशिक मांडू नये.

आणि पुढच्या फेरीची तयारी आतापासून धरा. एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2030-31 पर्यंत 6003.65 कोटी मंजूर झाले आहेत, नॅनोच्या पहिल्या टप्प्याच्या सहापट. विषय बदलायची गरज नाही. क्वांटम डॉट हा कण मुळात काही नॅनोमीटरचाच असतो, आणि कार्बनचे डॉट लिंबाच्या रसापासूनही करतात, त्यावर निबंधही आहेत. जुना प्रस्ताव उघडा, फाइंड-रिप्लेस करा आणि सही करण्याआधी एकदा नीट वाचा. घाईत पाठवलेल्या प्रस्तावात कणांचा आकार ‘20 क्वांटममीटर’ असा जातो.