सेदोका म्हणजे लांबवलेला तान्का नव्हे

सेदोका हा सहा ओळींचा जुना जपानी काव्यप्रकार. तुम्ही लिहिलेल्या सेदोकाच्या नमुन्यासोबत तुमचे आक्षेप तीन: सेदोका हा तान्काला, म्हणजे पाच ओळींच्या जपानी कवितेला, एक ओळ जोडून केलेला प्रकार आहे, जपानीत मात्रा मोजतात म्हणून मराठीत अक्षरं मोजणं चूक, आणि हा प्रकार टिकलाच नाही.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. ओळींतली अक्षरं मोजा: तान्का 5-7-5-7-7, सेदोका 5-7-7, 5-7-7. तिसरी ओळ सातची झाली की तिथे कडवं मिटतं आणि पुढे तेच माप नव्याने सुरू होतं. ‘मान्योशू’ या आठव्या शतकातल्या जपानी काव्यसंग्रहाच्या अकराव्या खंडातला पहिलाच सेदोका (क्र. 2351) घ्या. अक्षरसंख्या सांभाळून मराठीत साधारण असा होईल:

नव्या घराच्या
भिंतींसाठी गवत
कापायला या तुम्ही
गवतापरी
झुकणारी ही पोर
तुम्ही म्हणाल तशी

वर कामाचं आमंत्रण, खाली सूचक गोष्ट. दोन्हींना बांधतो तो ‘कुसा’, म्हणजे गवत. त्याच संग्रहातल्या ओकुरा या कवीचा सात शरदफुलांचा सेदोका (क्र. 1538) तर नुसती यादी आहे. तीही मध्येच तुटते: वर चार फुलं, खाली तीन.

मात्रांचं तुमचं म्हणणं आजच्या जपानीला लागू आहे. तिथे दीर्घ स्वराच्या दोन आणि हलन्त न्‌ची वेगळी एक मात्रा धरतात. पण नारा काळातल्या (आठवं शतक) काव्यभाषेत हे दोन्ही जवळपास नव्हतेच, त्यामुळे मात्रा आणि अक्षर एकच पडायचं. मराठीत गुरूच्या दोन मात्रा धरून पाचची ओळ लिहायला बसलात तर एक-दोन शब्दांतच ती संपेल.

टिकला नाही, हे मात्र खरं. मान्योशूतल्या साडेचार हजारांवर कवितांत सेदोका 62, त्यातले निम्म्याहून अधिक हितोमारो या कवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातून आलेले. 905 च्या ‘कोकिन्शू’ या पुढच्या काव्यसंग्रहात उरले चार. पण म्हणून प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. दोघांनी आळीपाळीने म्हणायला हा साचा चांगला. एकट्याच्या लिखित कवितेला तान्का पुरेसा होता, इतकंच.

तुमच्या नमुन्यात तिसरी ओळ ‘आणि’वर संपते, तिथेच तो ढासळतो. वाक्य चौथ्या ओळीत वाहून गेलं की सहा ओळींची सलग कविता उरते. तिसरीत क्रियापद आणून वाक्य मिटवा आणि वरचा एखादा शब्द खाली पुन्हा उचला. एखादं अक्षर वाढलं तर घाबरू नका: वरच्याच सेदोकातली मूळ पाचवी ओळ ‘योरिआउ ओतोमे वा’ आठ अक्षरांची आहे. पोटात ‘आ’ हा सुटा स्वर आल्यामुळे ती खपते. व्यंजनाने सुरू होणाऱ्या जादा अक्षराला ही सवलत सहसा नसते.